पिशवी, बीजांडकोश आणि फेफरे

'योषापस्मार' हा शब्द मराठी माणूस कधी बोलत नाही. तो कोशात राहतो. योषा म्हणजे स्त्री, आणि अपस्मार म्हणजे स्मृती हरपणे, म्हणजे आपण ज्याला फेफरे, आकडी किंवा सरळ 'फिट' म्हणतो ते. अर्वाचीन वैद्यकलेखनात आणि कोशांत हा शब्द 'हिस्टेरिया'चा प्रतिशब्द म्हणून येतो. दिसायला तो चरकाइतका जुना वाटतो. पण चरकसंहितेत अपस्माराचे चार प्रकार आहेत ते वात, पित्त, कफ आणि तिन्हींचा संनिपात यांवरून. त्यात बाईचा अपस्मार वेगळा काढलेला नाही. नटराजाच्या पायाखाली जो बुटका चिरडलेला दिसतो तोही अपस्मारच, आणि तो पुरुष आहे.

बाईच्या झटक्यांना बाईपणाशी बांधणारी कल्पना मुळात ग्रीक. 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय; ते जागचे हलले की बाईला झटके येतात, अशी ती समजूत. म्हणजे 'योषापस्मार' हे ग्रीक सिद्धान्ताला नेसवलेले संस्कृत लुगडे आहे. अनुवादक असल्यामुळे मला अशा शब्दांचे कौतुकही वाटते आणि भीतीही. एकदा शब्द बेतला की त्याच्या आतली समजूतही घरची वाटू लागते.

गेली सतरा वर्षे मी गाझियाबादेत राहते. कथा-कविता अनुवादित करून घर चालत नाही, म्हणून दिल्लीकडच्या दवाखान्यांची माहितीपत्रके आणि संमतिपत्रे हिंदी-इंग्रजीतून मराठीत आणण्याचे कामही करते. इकडे फेफऱ्याला 'मिरगी' म्हणतात आणि झटक्याला 'दौरा'. झटका आलेल्याच्या नाकाला जोडा लावायची रीत इकडेही आहे. आपल्याकडे वहाण किंवा फोडलेला कांदा. तिसरा शब्द 'बच्चेदानी'. पोटात दुखते, अंगावरून जाते, चिडचिड होते, कशावरही शेजारपाजारचा सल्ला एकच, बच्चेदानी निकलवा दो. मराठीत त्याचे भाषांतर करावेच लागत नाही, कारण 'पिशवी काढून टाक' हे वाक्य आपल्याकडे तयार आहे.

मागच्या वर्षी माझ्यापुढे आलेल्या कागदांत एक संमतिपत्र होते. एन्डोमेट्रिओसिस असलेल्या आणि पाळीच्या सुमारास फिट येणाऱ्या स्त्रियांसाठी. उपाय म्हणून शस्त्रक्रियेने गाठी काढणे, आणि क्वचित दोन्ही बीजांडकोश काढणे. हे वाचून मी दचकले. फेफऱ्यासाठी बाईचे बीजांडकोश काढणे ही गोष्ट मी एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासात वाचलेली होती, आणि ती तिथेच पुरली गेली असे धरून चालले होते. तिथपासून इथपर्यंत ती कशी आली, हे शोधल्याशिवाय मला त्या कागदातले एकही वाक्य नीट लिहिता येईना.

सुरुवात १८५७ची. त्याच वर्षी मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि उत्तरेत काय चालले होते ते सांगायला नको. लंडनमध्ये मात्र मे महिन्यात डॉक्टरांच्या एका सभेत अपस्मारावर निबंध वाचला गेला आणि त्यावरच्या चर्चेत सर चार्ल्स लोकॉक बोलायला उठले. हे राणी व्हिक्टोरियाची बाळंतपणे पाहणारे डॉक्टर. ते म्हणाले की ज्या बायकांना पाळीच्या वेळीच झटके येतात अशा चौदा-पंधरा जणींना आपण पोटॅशियम ब्रोमाइड दिले आणि एक सोडून सगळ्यांना गुण आला. ते का दिले? तर ब्रोमाइडने कामवासना मंदावते असे त्यांनी वाचले होते, आणि हे झटके वासनेच्या क्षोभातून येतात अशी त्यांची समजूत होती.

समजूत चुकीची, औषध बरोबर. ब्रोमाइड हे अपस्मारावरचे पहिले खरोखर चालणारे औषध ठरले. पुढची पन्नासहून जास्त वर्षे, म्हणजे १९१२ साली आपल्या घराघरांतल्या 'गार्डिनल'चे मूळ फेनोबार्बिटल येईपर्यंत, पुरुषांना, बायकांना, पोरांना, सगळ्यांना तेच दिले जाई. अपस्मारावरच्या औषधोपचाराचा आरंभ पाळीशी जोडलेल्या झटक्यांपासून झाला, हे मला कोणत्याच मराठी पुस्तकात आढळले नव्हते. लोकॉकने जे पाहिले ते खरे होते. पाहून जे मानले ते खोटे होते. हा फरक पुढे पुन्हापुन्हा लागणार आहे.

कारण त्याच समजुतीवर दुसऱ्यांनी सुरी उचलली. आयझॅक बेकर ब्राऊन हा लंडनचा नामांकित शल्यविशारद. १८६६ साली त्याने पुस्तक लिहिले की बायकांचे वेड, अपस्मार आणि हिस्टेरिया यांच्या काही प्रकारांचे मूळ हस्तमैथुनात असते, आणि शिश्निका कापून टाकली की ते बरे होतात. पुढच्या वर्षी लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळाने त्याला काढून टाकले. मुख्य आक्षेप असा की तो बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना नीट न सांगता हे करतो. त्या काळीही हा प्रश्न विचारला गेला, याची नोंद असलेली बरी. पण त्या सभेत कापण्याच्या मुळाशी असलेल्या समजुतीवर कुणी फारसा हल्ला केला नाही, हेही तितकेच खरे.

मग १८७२. एकाच वर्षात, एकमेकांपासून दूर, तिघांनी एकच गोष्ट केली. जुलैत जर्मनीतल्या फ्रायबुर्गला आल्फ्रेड हेगारने बीजांडकोश काढले. त्याची रुग्ण वाचली नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला लॉसन टेट. आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या रोम नावाच्या गावी, रॉबर्ट बॅटी. बॅटीची रुग्ण तिशीतली होती. पाळी जवळजवळ येतच नसे आणि त्याऐवजी दर महिन्याला वेदना, झटके असे हाल चालत. असे सांगतात की शस्त्रक्रिया चालू असताना घराबाहेर लोक जमले होते, बाई दगावली तर डॉक्टरला धरायचे म्हणून. बाई वाचली, आणि डॉक्टरपेक्षा जास्त जगली. बॅटीने या शस्त्रक्रियेला दिलेले नाव होते 'नॉर्मल ओव्हेरिओटॉमी'. म्हणजे बीजांडकोशात रोग दिसत नसतानाही ते काढणे. पुढे लोक तिला 'बॅटीचे ऑपरेशन' म्हणू लागले.

यानंतर जे झाले त्याला लाट म्हणावे लागेल. पोटदुखी, चिडचिड, पाळीपूर्वीचे वेड, फेफरे, काहीही असो, बीजांडकोश काढा. इंग्लंड-अमेरिकेत हजारो बायकांवर हे झाले. पॅरिसमध्ये शार्को कापत नव्हता, पण साल्पेत्रिएर रुग्णालयात तो 'हिस्टेरो-एपिलेप्सी'च्या रुग्णांच्या बीजांडकोशावर मुठीने दाब देऊन झटका सुरू करून दाखवी आणि थांबवूनही दाखवी. त्यासाठी पट्ट्याला बसवलेले दाबाचे यंत्रही निघाले. त्या बायकांची छायाचित्रे आजही कलाग्रंथांत छापली जातात.

मराठी वाचकासाठी या कथेत एक वर्ष फार जवळचे आहे, १८८६. मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले ते याच वर्षी, आणि तिथे इंग्लंडहून आलेल्या एडिथ पेची रुग्णांना पाहू लागल्या. रखमाबाईंचा खटला तेव्हा चालू होता. आणि ऑक्टोबरमध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 'मानसिक व मज्जातंतूंच्या विकारांत बीजांडकोश काढावेत काय' यावर परिसंवाद छापून आला. लिहिणारे होते लंडनचे स्पेन्सर वेल्स, आणि स्वतः हेगार आणि बॅटी. आनंदीबाई ज्या शहरात शिकल्या तिथेच विल्यम गुडेल नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ वेड्या ठरवलेल्या बायकांचे बीजांडकोश काढण्याचा हिरिरीने पुरस्कार करत होते. आनंदीबाईंच्या कानावर ते आले असेल का, यावर मी कादंबरीकारासारखी कल्पना करणार नाही. त्यांचा प्रबंध 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' या विषयावर होता. एवढे मात्र म्हणता येते की बाईला बाईने तपासावे ही मागणी आणि बाईचा अवयव काढून तिला शांत करावे ही पद्धत, दोन्ही एकाच शहरात, एकाच दशकात वाढत होत्या.

वेल्स या शस्त्रक्रियेच्या विरोधात होते. पुढे त्यांनी एक उलटा देखावा रंगवला. समजा डॉक्टर बायकांनी सभा भरवली आणि ठरवले की पुरुषांचे सगळे असाध्य रोग त्यांच्या जननेंद्रियातून येतात, तेव्हा ती कापावीत, तर आपण काय म्हणू? सर्जनच्या लेखणीतून आलेला हा उपहास मला आवडतो. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनीही या प्रकाराला खच्चीकरण म्हणून विरोध केला. १८९०च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिस्टाऊनच्या वेड्यांच्या रुग्णालयात असहाय बायकांवर हे होऊ लागले तेव्हा राज्याच्या समितीनेच हस्तक्षेप करून ते थांबवले. ज्याला विचारले जात आहे तोच उत्तर देऊ शकत नसेल तर संमती कुणाची, हा तिथला मुद्दा होता.

मुद्दा जुना झाला असे वाटत असेल तर पुण्याकडे पाहावे. फेब्रुवारी १९९४मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना ससून रुग्णालयात आणून त्यांच्यापैकी काहींची गर्भाशये काढण्यात आली. कारण दिले गेले ते पाळीच्या स्वच्छतेचे. महिला संघटनांनी आवाज उठवला आणि मुख्यमंत्र्यांना शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरी त्यावर मोठ्यांचे एकमत झाले होते की बिचाऱ्यांची कटकट मिटली.

पण मला इथे थांबून दुसरी बाजू मांडली पाहिजे. या साऱ्या क्रौर्याची लाज वाटून विसाव्या शतकाने जो बोळा फिरवला, त्यात एक खरी गोष्टही पुसली गेली. झटक्यांचा आणि पाळीचा संबंध खरोखर असतो. १८८१ साली विल्यम गॉवर्सने अपस्मारावर मोठा ग्रंथ लिहिला. गॉवर्स सिद्धान्तापेक्षा मोजणीवर विश्वास ठेवणारा. त्याने ८२ बायकांची विचारपूस केली आणि त्यांतल्या ४६ जणींचे झटके पाळीच्या दिवसांत वाढतात असे नोंदवले. ही निरीक्षणे फायलीत राहिली. 'बाईच्या अंगातले' म्हटले की थट्टा किंवा सुरी, दोनच पर्याय उरले होते. मोजत राहणे हा तिसरा कंटाळवाणा पर्याय फार थोड्यांनी निवडला.

मधल्या काळात बीजांडकोश म्हणजे नेमके काय करतो हे उलगडले. हॉर्मोन हा शब्दच १९०५चा. इस्ट्रोजेन १९२०च्या दशकात ओळखले गेले, प्रोजेस्टेरॉन १९३४मध्ये वेगळे काढता आले. १९४०च्या दशकाच्या आरंभी हान्स सेल्येला दिसले की प्रोजेस्टेरॉनने उंदरांना गुंगी येते आणि झटके आवरतात. १९५६ साली इंग्लंडमध्ये जॉन लेडलॉने बायकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी घेऊन झटके पाळीचक्रावर मांडले. पाळीच्या तोंडावर आणि पाळीत झटके जास्त, चक्राच्या उत्तरार्धात, प्रोजेस्टेरॉन चढलेले असताना कमी. मग थोडक्यात यंत्रणा अशी: इस्ट्रोजेन मेंदूच्या पेशींना चेतवते, प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात बनणारे एक द्रव्य मेंदूची शांत करणारी व्यवस्था बळकट करते. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येते तेव्हा ती ढाल निघून जाते. आज अपस्मार असलेल्या सुमारे एकतृतीयांश स्त्रियांत झटक्यांचा असा महिन्याचा आकृतिबंध दिसतो. इंग्रजीत त्याला जो शब्द आहे, 'कॅटॅमेनियल', त्यातला 'मेन' म्हणजे ग्रीक महिना. आपल्या 'मासिक'मधला 'मास' त्याचाच सख्खा भाऊ. म्हणून मी संमतिपत्रात 'योषापस्मार'ला हात न लावता 'मासिक अपस्मार' असे लिहिले. त्यात बाई नाही, महिना आहे.

एन्डोमेट्रिओसिसचा इतिहास वेगळ्या वाटेने येऊन इथे मिळतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, बीजांडकोशावर, पोटाच्या आवरणावर, आतड्यावर रुजते आणि हॉर्मोनच्या तालावर सुजते. १९२१ साली अमेरिकेतल्या ऑल्बनी इथल्या जॉन सॅम्पसनने बीजांडकोशातल्या जुन्या रक्ताने भरलेल्या गाठींचे वर्णन केले. त्यांना आपल्या सोनोग्राफीवाल्यांच्याही तोंडी 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. एन्डोमेट्रिओसिस हे नाव रुळले ते त्याच्याच लेखनातून. म्हणजे बॅटीच्या काळात 'निरोगी' बीजांडकोश काढलेल्या कित्येक बायकांच्या पोटात प्रत्यक्षात हा रोग असू शकेल, आणि तो कुणाला नावाने ठाऊक नव्हता. दर महिन्याला असह्य दुखणारी बाई एकोणिसाव्या शतकात हिस्टेरिक ठरे. एकविसाव्या शतकातही रोगाचे नाव कळेपर्यंत तिला पुष्कळदा सात-आठ वर्षे घालवावी लागतात.

ज्या बाईला हे दोन्ही आहेत तिचे काय? माझी ओळख अशाच एका बाईशी झाली. मूळची बीडकडची, नवरा साहिबाबादला कारखान्यात. तिला हिंदी येते पण दवाखान्याची हिंदी येत नाही, म्हणून ओळखीतून मला सोबत नेले गेले. वय छत्तीस. मुलगी असल्यापासून फिट येते, लग्नात लपवलेली. लपवण्यामागे नुसती लाज नव्हती. १९७६च्या दुरुस्तीपासून हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार झटके हे लग्न रद्दबातल ठरवून घेण्याचे कारण होते. तो शब्द कायद्यातून निघाला १९९९मध्ये. कायद्यातून निघाला, स्थळे पाहणाऱ्यांच्या तोंडातून नाही. तर, पोट दुखायचे, रक्त फार जायचे, म्हणून सत्ताविसाव्या वर्षी गावाकडे एका लहान दवाखान्यात तिची पिशवी काढली. त्यानंतर पाळी गेली. पण फिट राहिली. तिने सांगितले, "ताई, महिन्याच्या महिन्याला येते. पण पाळीच नाय म्हणल्यावर डॉक्टर म्हणतात महिन्याचा काय संबंध."

संबंध आहे, कारण पाळी पिशवीतून येते आणि महिना बीजांडकोशातून. गर्भाशय काढले आणि बीजांडकोश ठेवले तर रक्त थांबते, चक्र थांबत नाही. हॉर्मोन तसेच चढत-उतरत राहतात. आणि एन्डोमेट्रिओसिसच्या राहिलेल्या जागा तशाच सुजत राहतात. तिच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना चॉकलेट सिस्ट होत्या, यावरूनच कळले की बीजांडकोश जागेवर आहेत. तिला ते ठाऊक नव्हते. तिच्या जुन्या कागदावर नुसते 'गर्भाशय शस्त्रक्रिया' असे होते. मराठीत 'पिशवी काढली' म्हटल्यावर कुणी विचारतच नाही की पिशवीसोबत आणखी काय गेले. हिंदीतल्या 'बच्चेदानी'चे तेच. एक शब्द, दोन अवयव, आणि दोघांच्या जाण्याचे परिणाम अगदी निराळे. दुसरा गेला तर तिशीतल्या बाईला एका दिवसात रजोनिवृत्ती येते; अंगातून वाफा, हाडांची झीज. फिटच्या काही जुन्या गोळ्यांनीही हाडे ठिसूळ होतात, म्हणजे झीज दुहेरी.

तिचा जिल्हा आठवावा. २०१९मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी पुढे आणली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. कोयत्याच्या जोडीने उचल घ्यायची, खाडा झाला की दंड, फडावर ना पाणी ना आडोसा. अशा ठिकाणी पाळी हा रोग नसला तरी परवडत नाही. यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. माझा प्रश्न कोरडा आहे. त्या तेरा हजार आठशे एकसष्ट जणींपैकी किती जणींच्या कागदावर बीजांडकोशांचा उल्लेख आहे? पुढे कधी त्यांना वाफा आल्या, हाड मोडले, झटका आला, तर समोरचा डॉक्टर कशावरून ठरवणार?

त्या बाईने एक गोष्ट मात्र कुणी न सांगता केली होती. फिट आली की ती कालनिर्णयच्या चौकटीत पेनाने फुली मारायची. गाझियाबादच्या भाड्याच्या खोलीतही तिचा नवरा दर वर्षी मराठी कालनिर्णय मिळवून आणतो, संकष्ट्या पाहायला. चार वर्षांची कॅलेंडरे तिने गुंडाळून रबर लावून आणली. पाळी नसल्यामुळे चक्राचा दिवस ठरवायला खूण नव्हती. तिने पोटात कळ सुरू होण्याच्या दिवसावर टिंब काढले होते. दर महिन्याला टिंब, आणि त्याच्या आगेमागे दोन-तीन दिवसांत फुल्या. न्यूरॉलॉजिस्टनी ती कॅलेंडरे टेबलावर पसरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग रक्ततपासण्या लिहून दिल्या.

आजची शस्त्रक्रिया आणि बॅटीची शस्त्रक्रिया यांतला फरक हत्याराचा आहे असे मला आधी वाटत होते. दुर्बिणीतून चार लहान छिद्रे, भूल सुरक्षित, वगैरे. तो फरक आहेच. पण मोठा फरक क्रमाचा आहे. आधी नोंदी. मग फिटच्या गोळ्या बदलून पाहणे. मग प्रोजेस्टेरॉन. यावर अँड्र्यू हर्झोग आणि सहकाऱ्यांनी केलेली अमेरिकेतली चाचणी २०१२मध्ये प्रसिद्ध झाली, २९४ स्त्रियांवर. सगळ्यांचा मिळून पाहिला तर प्रोजेस्टेरॉनचा आणि नुसत्या खोट्या गोळीचा फरक दिसला नाही. ज्यांचे झटके पाळीच्या आसपास तिपटीने किंवा अधिक वाढत, त्यांना मात्र फायदा झाला. म्हणजे कुणाला उपयोग होणार हे त्या बाईच्या स्वतःच्या नोंदीवरून ठरते. त्यानंतर बीजांडकोश तात्पुरते झोपवणारी इंजेक्शने; काही महिन्यांची उसनी रजोनिवृत्ती. पहिल्या काही आठवड्यांत हॉर्मोन उलट उसळी घेतात, तेव्हा झटके वाढूही शकतात. हे संमतिपत्रात मी ठळक करायला लावले. या काळात झटके खरोखर कमी झाले, तरच कायमचे काढण्याचा विचार. न झाले, तर बीजांडकोशाचा दोष नव्हता असे कळते आणि ते वाचतात. बॅटीला ही उलटवता येणारी पायरी उपलब्ध नव्हती. ज्यांना आज उपलब्ध आहे ते ती वापरतातच असे नाही.

आणि या शेवटच्या पायरीला मोठ्या चाचण्यांचा आधार नाही; मोजक्या रुग्णांचे अनुभव आहेत. एन्डोमेट्रिओसिसच्या गाठी काढणे हे दुखण्यासाठी करतात. त्याने फिट जाईलच असे कुणी प्रामाणिक सर्जन म्हणत नाही. संमतिपत्राच्या इंग्रजी मसुद्यात 'झटके नियंत्रणात येण्यास मदत होईल' असे वाक्य होते. मी विचारले, होईल की होऊ शकेल? पाठवणाऱ्यांनी दोन दिवसांनी उत्तर दिले, होऊ शकेल. इंग्रजी मसुदाही बदलला.

त्या बाईचे इंजेक्शन सध्या चालू आहे. तिसरा महिना. सिस्टची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आधी करावी की नंतर, यावर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट यांचे अजून एकमत नाही, आणि दोघे एकमेकांशी बोलत आहेत हीच मला मोठी गोष्ट वाटते. परवा तिने फाइल पुढे करून म्हटले, "ताई, पहिल्या पानावर मराठीत लिहून द्या. गावाकडं गेले आन काही झालं तर दाखवीन." तिने सांगितले तसे मी लिहिले: पिशवी काढलेली आहे. बीजांडकोश दोन्ही आहेत. तिने ते वाचले, पेन मागून घेतले आणि खाली स्वतःच्या हाताने भर घातली: मला विचारल्याशिवाय काढू नये.